ओवाटोनाच्या चौकातली शेतकऱ्यांची बँक

पारावरचा

अमेरिकेच्या मध्यभागातल्या गावांचा मुख्य रस्ता बहुतेक ठिकाणी सारखाच. दोन्ही बाजूंना दुमजली विटांची दुकानं, एक कोर्ट, दोनतीन चर्चं आणि मोक्याच्या कोपऱ्यावर बँक. बँक म्हटली की पुढे ग्रीक देवळासारखे खांब ठरलेले. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की आपले पैसे देवाच्या दारात ठेवलेत.

मिनेसोटातल्या ओवाटोना गावच्या चौकात, बागेसमोर, अशीच एक कोपऱ्यावरची बँक आहे, पण तिला एकही खांब नाही. लाल विटांचा एक भलाथोरला चौकोनी ठोकळा, रस्त्याकडच्या दोन बाजूंना प्रत्येकी एक प्रचंड कमान, कमानीत रंगीत काच, आणि वर हिरव्या-तपकिरी टेराकोटाची पानाफुलांची पट्टी. १९०८ साली बांधून झाली. वास्तुरचनाकार लुई सलिव्हन. गगनचुंबी इमारत दिसावी कशी हे ज्यांनी पहिल्यांदा नीट ठरवलं त्यांतला हा अग्रणी, आणि पुढे नामवंत झालेला वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट ज्याच्या हाताखाली शिकला तो. शिकागोचं ऑडिटोरियम (१८८९) आणि सेंट लुईसची वेनराइट बिल्डिंग (१८९१) त्याच्या आणि भागीदार डँकमार अॅडलरच्या नावावर आहेत.

असा माणूस पाच-सहा हजार वस्तीच्या, लोण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात बँक बांधायला का आला? सरळ सांगायचं तर शहरात काम मिळेना म्हणून. १८९३च्या आर्थिक पडझडीत मोठी बांधकामं थांबली, १८९५ला अॅडलर वेगळा झाला, आणि गिऱ्हाईक सांभाळायचं कसब होतं ते अॅडलरकडे. सलिव्हन फटकळ आणि मानी. शिकागोतलं मोठं डिपार्टमेंट स्टोअर उरकल्यावर त्याच्याकडे सांगण्यासारखं काम उरलं नव्हतं.

इकडे ओवाटोनाच्या नॅशनल फार्मर्स बँकेचा उपाध्यक्ष कार्ल बेनेट नवी इमारत बांधायच्या विचारात होता. हार्वर्डला शिकून घरच्या बँकेत आलेला, संगीताचं वेड असलेला, चर्चमध्ये गाणाऱ्यांचा ताफा बसवणारा माणूस. रोमन देवळाचा मुखवटा लावलेल्या बँका त्याला पटत नव्हत्या. आत काय चालतं याचा बाहेर पत्ता नाही आणि कामाला गैरसोयीच्या, असं त्याचं म्हणणं. १९०६ साली ‘द क्राफ्ट्समन’ मासिकात सलिव्हनचा लेख त्याच्या वाचनात आला आणि त्याने थेट पत्र टाकलं. पुढे १९०८ साली त्याच मासिकात बेनेटने स्वतः या बँकेवर लेख लिहिला.

मला या इमारतीत सर्वांत काय आवडतं? ती गावाला लाजत नाही. आत भिंतीवर ऑस्कर ग्रॉस या चित्रकाराची दोन मोठी भित्तिचित्रं आहेत. एकात कापणी, दुसऱ्यात कुरणात चरणाऱ्या गाई. चक्क बँकेत गाई! शेतकऱ्यांना बसून बोलायला वेगळी खोली होती, बायकांसाठी वेगळी. शेजारी लागूनच दुकानं आणि कचेऱ्यांचा भाग काढला होता, भाड्याने द्यायला. म्हणजे नुसतं सुंदर करून सोडलं नाही, उत्पन्नाचंही बघितलं होतं.

जेवायला हाक आलीय. पुढचं नंतर.

थंडगार

आम्ही मिनीआपोलिसला आहोत, तिथून पस्तीस नंबरच्या हायवेने दक्षिणेला तासभराचं अंतर. तरी इतकी वर्षं ओवाटोना म्हणजे आयोवाकडे जाताना पेट्रोल भरायचं ठिकाण एवढंच डोक्यात होतं. गेल्या उन्हाळ्यात पाहुण्यांना घेऊन मुद्दाम थांबलो. फोटोंवरून आतला उजेड कळत नाही. काचा हिरवट, पिवळसर, त्यामुळे भरदुपारी आत गेलं तरी दाट झाडाखाली उभं राहिल्यासारखं वाटतं. आणि ते झुंबर! झुंबर म्हणवत नाही, ओतीव लोखंडाची पानं-वेली लगडलेलं काहीतरी अवाढव्य, छतातून लोंबणारं. मान दुखेपर्यंत बघत बसलो. सासूबाई म्हणाल्या, पडलं तर काय रे.

वास्तुवेडी

सासूबाईंची शंका रास्त आहे. एकेक सुमारे सव्वादोन टनांचं आहे. मूळची चार होती.

पारावरचा, लेख छानच, पण एक नाव राहिलं आणि ते राहायला नको होतं: जॉर्ज ग्रँट एल्म्सली. स्कॉटलंडहून आलेला, सलिव्हनच्या कचेरीत सुमारे वीस वर्षं, राइट कचेरी सोडून गेल्यावर तिथला मुख्य आरेखक. ती झुंबरं त्याची. टेराकोटावरची नक्षी, जाळ्या, काउंटरची कामं, यातलं पुष्कळसं त्याच्या हातचं आहे. आमच्याकडे शिकवताना ‘सलिव्हनची ओवाटोना बँक’ असं एका दमात म्हणतात आणि पुढे जातात. दोन कमानींचा सणसणीत ठोकळा कुणाच्या डोक्यातून आला यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. माझं मत विचाराल तर रंग सलिव्हनचा, रेघ एल्म्सलीची. रंगाबद्दल सलिव्हनने बेनेटला पत्रातच लिहिलंय की त्याला रंगांची सिंफनी करायची आहे. बेनेट गाणारा, त्याला ही भाषा लगेच पोचली असणार.

आणि टेराकोटाच्या कारागिराला विसरू नका. क्रिस्टियन श्नायडर. कागदावरची रेघ मातीत उतरवणारा हाच. आधी ओल्या मातीत नमुना घडवायचा, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यात माती दाबून तुकडा काढायचा, सुकवायचा, ग्लेझ मारून भट्टीत घालायचा. गंमत म्हणजे माती सुकताना आणि भाजताना आकसते, म्हणून नमुना त्या हिशेबाने मोठा घडवावा लागतो. हिशेब चुकला तर तुकडा विटांच्या ओळीत बसत नाही आणि सगळं पुन्हा. ओवाटोनाच्या कोपऱ्यांवरची ती मोठी पदकं बघा, पानाच्या कडा कशा सुरीने कापल्यासारख्या उठल्यात. यंत्राने होणारं काम नाही हे.

अक्कलखाते

सुंदर वगैरे ठीक. खर्च किती आला? आणि शेतकऱ्यांच्या ठेवीतून एवढी चैन?

पारावरचा

सव्वा लाख डॉलर सांगतात, १९०८चे. गावाच्या मानाने भरपूरच. पण बेनेटचा हिशेब असा होता की चांगली इमारत स्वतःच जाहिरात करते, ठेवी वाढतात. सुरुवातीची वर्षं हा हिशेब बरोबरही ठरला. लांबलांबून लोक बघायला येत.

बेनेट आणि सलिव्हनचं सूत इतकं जमलं की १९१२ला सलिव्हनने बेनेटसाठी घराचाही आराखडा केला. ते घर काही झालं नाही.

सलिव्हनचं मात्र याच सुमारास पार बिघडलं. १९०९ला पैसे नसल्यामुळे एल्म्सलीलाही जावं लागलं, आणि त्याच वर्षी सलिव्हनने घरातली पुस्तकं, गालिचे, चित्रं लिलावात काढली. ज्या वर्षी ओवाटोनाचं कौतुक मासिकांत छापून येत होतं त्याच्या पुढच्याच वर्षी!

निवृत्त कॅशियर

अक्कलखाते, तुमचा प्रश्न चैनीचा नाही, तारणाचा आहे. मी ३० वर्षं ग्रामीण भागातल्या शाखांत काढली, म्हणून सांगतो. शेतकऱ्यांची बँक बुडते ती इमारतीमुळे नाही. तिचं सगळं कर्ज एकाच पिकावर आणि एकाच तालुक्याच्या जमिनीवर असतं म्हणून बुडते. भाव चढा असला की जमिनीची किंमत वाढते, किंमत वाढली की त्याच जमिनीवर आणखी कर्ज देता येतं, ते कर्ज पुन्हा जमीन घ्यायला जातं. कागदावर सगळे श्रीमंत. भाव पडला की हेच चक्र उलटं फिरतं आणि कुणाचंच तारण पुरत नाही, कारण सगळ्यांचं तारण एकच. जमीन जप्त केली तरी विकणार कुणाला? घेणाराही त्याच गावचा, तोही कर्जात.

या बँकेचंही असंच झालं असेल असा माझा अंदाज. पारावरचा, पुढचं सांगा.

पारावरचा

काका, नेमकं तेच झालं. पहिल्या महायुद्धात युरोपला धान्य हवं होतं, भाव भडकले, मिडवेस्टच्या, म्हणजे याच मध्यभागातल्या शेतकऱ्यांनी चढ्या दराने जमिनी घेतल्या. युद्ध संपलं, युरोप पुन्हा पेरायला लागला आणि १९२० पासून भाव कोसळले. शेअर बाजार १९२९ला पडला हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण शेतकऱ्यांची मंदी त्याच्या नऊ वर्षं आधी सुरू झाली होती. त्या दशकात अमेरिकेत पाच हजारांहून जास्त बँका बुडाल्या, बहुतेक अशाच लहान गावांतल्या. ओवाटोनाची नॅशनल फार्मर्स बँक १९२६ला बंद पडली. बेनेटच्या हातून सगळंच गेलं.

सलिव्हन ते बघायला उरला नव्हता. एप्रिल १९२४मध्ये शिकागोच्या एका हॉटेलातल्या खोलीत तो वारला. शेवटची वर्षं मित्रांनी काढलेल्या वर्गणीवर चालली होती, देणाऱ्यांत राइटही होता. अमेरिकन वास्तुरचनाकारांच्या संस्थेने सुवर्णपदक दिलं ते १९४४ला. मेल्यावर वीस वर्षांनी.

इमारत १९२९ला सिक्युरिटी बँकेने घेतली. आणि १९४०ला तिथे ‘आधुनिकीकरण’ झालं. काउंटरच्या नक्षीदार खिडक्या काढून टाकल्या, आतली मूळ मांडणी मोडली. मला त्या लोकांवर फार रागावता येत नाही. त्यांच्या दृष्टीने ते तीस वर्षं जुनं फर्निचर होतं, गिऱ्हाईक आणि क्लार्क यांच्यामध्ये जाळी नको ही तेव्हाची नवी पद्धत होती. आपल्याकडेही नव्वदीनंतर बँकांनी पितळी जाळ्या काढून काचा लावल्याच की.

खरी कलाटणी पन्नाशीच्या दशकात आहे. बँकेला जागा पुरेना. तेव्हाच्या अध्यक्षांपुढे दोन वाटा होत्या: पाडून नवी बांधायची, नाहीतर हीच नीट करून घ्यायची. त्यांनी हार्वेल हॅमिल्टन हॅरिस या वास्तुरचनाकाराला बोलावलं, आणि १९५८पर्यंत काम पुरं झालं. सरकारी वारसा यादी, कायदा, अनुदान यातलं काहीही नसताना! तसा राष्ट्रीय कायदा १९६६ला आला आणि या इमारतीला ऐतिहासिक स्थळाचा राष्ट्रीय दर्जा १९७६ला मिळाला. १९८१ला १८ सेंटच्या टपाल तिकिटावरही झळकली.

मुळशीकर

म्हणजे शेवटी नावानेच वाचवली. सलिव्हनच्या ऐवजी गावच्या कुठल्या गवंड्याने बांधली असती तर १९५५लाच जमीनदोस्त होऊन तिथे पार्किंग झालं असतं. आमच्या गावच्या पेठेतला सागवानी वाडा, खाली पाच दुकानं, वर धान्याची कोठारं, असाच गेला. बांधणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं एवढाच त्याचा गुन्हा. खांबावरची कमळं लाकडाच्या वखारीत किलोवर गेली.

वास्तुवेडी

वाड्याचं वाचून वाईट वाटलं. पण नावाचा मुद्दा मला पटत नाही. नावाने वाचत असतं तर शिकागो स्टॉक एक्सचेंज वाचलं असतं. तेही अॅडलर-सलिव्हनचंच, १८९४चं, आणि भर शिकागोत, जिथे प्रत्येक विद्यार्थ्याला ते नाव पाठ. निदर्शनं झाली, लेख लिहिले गेले, तरी १९७२ला पाडलं. रिचर्ड निकेल नावाचा छायाचित्रकार पाडकाम चालू असताना आतले नक्षीचे तुकडे गोळा करायला जायचा. सलिव्हनच्या पाडल्या जाणाऱ्या इमारतींचे फोटो काढण्यात आणि जमेल तेवढं वाचवण्यात त्याने उमर घातली होती. एक दिवस वरचा मजला ढासळला आणि तो त्याखाली गेला. मृतदेह मिळायला काही आठवडे लागले.

तिथली ट्रेडिंग रूम तेवढी तुकड्यातुकड्यांनी उचलून शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा उभारली आहे, स्टेन्सिलच्या रंगकामासकट. अवांतर: १८९३ला विवेकानंद बोलले ती सर्वधर्म परिषद याच आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत भरली होती. आपली बहुतेक मंडळी त्या पायऱ्यांवर फोटो काढून परत फिरतात. आत गेलात तर ही खोली जरूर बघा. त्याच साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात बाकीच्या मुख्य इमारती पांढऱ्याशुभ्र रोमन थाटाच्या होत्या आणि एकट्या सलिव्हनची वाहतूक विभागाची इमारत लाल-सोनेरी रंगवलेली होती. पंधरा वर्षांनी ओवाटोनात आलेला रंग तिथूनच निघालाय.

पारावरचा

माझंही मत वास्तुवेडीच्याच बाजूला झुकतं. इमारत वाचली ती वापरामुळे. बँक होती ती बँकच राहिली. मालक बदलले, पाटी बदलली (सिक्युरिटीनंतर नॉरवेस्ट, आणि १९९८च्या विलीनीकरणानंतर वेल्स फार्गो), पण मोठी उंच खोली, काउंटर, तिजोरी, हे जसं १९०८ला लागत होतं तसंच पुढेही लागत राहिलं. त्यामुळे छत खाली आणायची, मधे माळा घालायची वेळ आली नाही.

सलिव्हनने उतारवयात अशा आठ लहान इमारती लहान गावांत बांधल्या, सात बँका आणि एक बँकेसारखी. पुस्तकांत त्यांना दागिन्यांच्या पेट्या म्हणतात. त्यांच्या नशिबांची तुलना केली तर माझं म्हणणं पटेल. विस्कॉन्सिनमधल्या कोलंबसची १९१९ची बँक त्याच संस्थेकडे राहिली, उत्तम स्थितीत. ओहायोतल्या सिडनीची १९१८ची, तिथेही शतक उलटेपर्यंत तीच संस्था. याउलट ओहायोतल्याच न्यूअर्कची १९१४ची इमारत. बँक गेल्यावर तिथे खाटकाचं दुकान झालं, जवाहिऱ्याचं झालं, आइस्क्रीमचं झालं. प्रत्येकाने आपल्या सोयीने काहीतरी तोडलं, काहीतरी झाकलं. अलीकडे तिचा जीर्णोद्धार झाला, पण त्याला लोकवर्गणी आणि वर्षानुवर्षांची मेहनत लागली.

सिडनीचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. सलिव्हन आला, समोरच्या फूटपाथच्या कडेला बसला, दोन दिवस सिगरेटी ओढत मोकळ्या प्लॉटकडे नुसता बघत राहिला आणि मग एका बैठकीत आराखडा काढून दाखवला. संचालकांतला एक म्हणाला, मला आपले खांब-बिंब बरे वाटतात. सलिव्हनने कागद गुंडाळायला घेतले: खांबवाल्या बँका काढून देणारे हजार जण मिळतील, ही काढणारा एकच आहे. मंडळी वरमली. सांगोवांगी किस्सा आहे, पण माणूस ओळखायला पुरेसा.

अक्कलखाते

सात बँका आणि एक ‘बँकेसारखी’ म्हणजे?

पारावरचा

आयोवातल्या अल्गोना गावची, १९१३ची. बांधली बँकेसाठीच, पण परवानगी जमली नाही, म्हणून जमीन व्यवहाराची कचेरी झाली. पुढे काय काय झाली आणि शेवटी गावच्या व्यापारी मंडळाकडे आली.

मुळशीकर

वापराने वाचते हे अर्धंच खरं. इंडियानातल्या वेस्ट लाफायेटला मी दोन वर्षं पर्ड्यू विद्यापीठात होतो. तिथली बँकही याच आठांतली एक, आणि ती बँकच राहिली. तरी तिची पार रया गेली आहे. दारं बदलली, भिंतीला भोकं पाडून पैसे काढायचं मशिन बसवलं, तिकोनी प्लॉटवर मागून वाढवली. रोज समोरून जायचो, कुणी सांगेपर्यंत ढुंकूनही बघितलं नाही. म्हणजे वापर हवाच, पण वापरणाऱ्याला आपण कशात बसलोय हे कळायलाही हवं. ओवाटोनाच्या त्या अध्यक्षांना ते कळलं. त्यांना कळलं कसं, हा खरा प्रश्न आहे.

वास्तुवेडी

हा मुद्दा मान्य. आणि त्याचं एक संभाव्य उत्तर आहे माझ्याकडे. १९३३ ते १९३८ मिनेसोटा विद्यापीठाने कार्नेगी या देणगीदार संस्थेच्या पैशांवर ओवाटोना गावातच एक कलाशिक्षणाचा प्रयोग केला होता. शाळेत नुसती चित्रकला शिकवण्याऐवजी घराची मांडणी, दुकानाची दर्शनी काच, परसबाग, कपडे, यांतून लोकांची नजर तयार करायची. गावकऱ्यांसाठी व्याख्यानं झाली, घरोघरी सल्ला दिला गेला. मंदीच्या ऐन मध्यात! वीस वर्षांनी त्याच गावाने बँक पाडली नाही. दोन्हींचा थेट संबंध सिद्ध करता येणार नाही, पण मला तो दिसतो.

निवृत्त कॅशियर

सिडनीच्या बँकेबद्दल एक वाचलेलं आठवलं. तिथे तिजोरीचा दरवाजा मुख्य दारातून सरळ दिसेल असा ठेवला होता. आमच्याकडे स्ट्राँगरूम आडोशाला, शक्य तितकी नजरेआड. पण त्यामागचा विचार पटला. तुमचे पैसे कुठे आहेत ते बघा आणि निर्धास्त घरी जा. बाहेर ‘थ्रिफ्ट’ म्हणजे काटकसर हा शब्दही मोझेकमध्ये मोठा लिहिलाय. आमच्या एका शाखेत मोठ्या साहेबांना मी सुचवलं होतं की काउंटरवरून आतलं काम गिऱ्हाइकाला दिसू द्या, कुरबुरी कमी होतील. साहेबांनी प्लायवूड आणखी फूटभर उंच केलं.

थंडगार

काका, हे भारी होतं :)

सप्टेंबरात लाँग वीकएंडला एक फेरी काढायचा विचार आहे. ओवाटोना, मग अल्गोना, तिथून आयोवातल्याच सीडर रॅपिड्स आणि ग्रिनेलच्या बँका. सासूबाई नाहीत यावेळी. यांतलं आतून काय काय बघायला मिळेल?

पारावरचा

ग्रिनेल (१९१४) चुकवू नका. दारावरच्या गोल रंगीत काचेच्या खिडकीभोवती टेराकोटाच्या नक्षीचा जो स्फोट आहे तो ओवाटोनातही नाही. सीडर रॅपिड्सच्या १९११च्या बँकेत २००८च्या पुरात पाणी शिरलं होतं, नंतर दुरुस्त करून तिथे रेस्टॉरंट झालं. लाँग वीकएंडचा सोमवार म्हणजे लेबर डे, बँका बंद. त्यामुळे ओवाटोना शुक्रवारी कामाच्या वेळेत गाठा, नाहीतर गाई काचेतूनच बघाव्या लागतील.

वास्तुवेडी

आणि वेळ असेल तर उलट दिशेने मिनेसोटातल्याच विनोनालाही जा. १९१२ची मर्चंट्स नॅशनल बँक, सलिव्हनकडून बाहेर पडल्यावर एल्म्सलीने भागीदारांबरोबर केलेली. ओवाटोनात कुणाचा हात किती यावर इथे बोलणं झालंच आहे, तर दोन्ही बघून तुम्हीच ठरवा.